ताट आणि अंथरूण : ठाण्याच्या खाडीवरील पक्षिनिरीक्षण

वसंत व्याख्यानांचे दिवस म्हणजे चैत्र-वैशाखाचे दिवस. उन्हे उतरली की आपण मंडपात जमतो. याच दिवसांत नेरूळ, करावे, ऐरोली या बाजूंना ठाण्याच्या खाडीवरही एक मोठी सभा भरलेली असते. हजारो रोहित पक्षी चिखलात माना खाली घालून उभे असतात. त्यांना कोणी अग्निपंख म्हणतात, शहरी मंडळी फ्लेमिंगो म्हणतात. पावसाळा तोंडावर आला की ही सभा बरखास्त होते. या पाहुण्यांविषयी, आणि त्याहून अधिक त्यांना पाहावयास जाणाऱ्या माणसांविषयी, आज थोडे बोलावयाचे आहे. नवी मुंबई हे १९७० नंतरचे शहर. त्याला इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. पण शहर नवे असले तरी खाडी जुनी आहे, आणि तिच्याकडे पाहणारे डोळेही जुने आहेत.

ते पहिले डोळे कोळ्यांचे आणि आगऱ्यांचे. मासेमारी, मिठागरे आणि खारजमिनीतील भात यांवर जगणाऱ्या या लोकांचे घड्याळ भिंतीवर नव्हते, आकाशात होते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीची भांगाची भरती यांत पाण्याचा किती फरक पडतो, हेही त्यांना पाठ असे. या हिशेबाला पक्षिशास्त्र असे नाव कोणी दिले नाही. परंतु त्याच्यावाचून खाडीवर पक्षी दिसत नाहीत, हे आम्हांला फार उशिरा कळले.

प्रारंभी आम्ही काही हौशी मंडळी दुर्बिणी गळ्यात अडकवून रविवारी आपल्या सोयीने निघत असू. एकदा करावेच्या बाजूला पोचलो तो समोर काठोकाठ पाणी, आणि पक्षी औषधालाही नाही. जाळे सांडीत बसलेल्या एका वृद्ध कोळीबाबांनी आमच्याकडे पाहिले आणि हसून मागच्या तळ्याकडे बोट दाखविले. वळून पाहतो तो सगळी पंगत तेथे एका पायावर उभी राहून विश्रांती घेत होती! ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा हे पक्षी खाडीत जेवतात. भरतीने चिखल झाकला की मागच्या उथळ पाणथळींवर येऊन विसावतात. खाडी हे त्यांचे ताट, आणि पाणथळ हे त्यांचे अंथरूण. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

लेखी पक्षिनिरीक्षण आपल्याकडे साहेबाने आणले, असे सामान्यतः मानतात. ते पूर्ण खरे नाही. १८८३ च्या सप्टेंबरात मुंबईत आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली, त्यांत दोघे आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे बंधू आणि प्रार्थना समाजाचे एक संस्थापक; दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. धर्म आणि समाज सुधारू पाहणाऱ्या त्या पिढीला सृष्टीचीही जिज्ञासा होती, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत.

मात्र त्या काळी पक्षी ओळखावयाचा म्हणजे आधी तो मारावयाचा. सालिम अली यांची कथा येथूनच सुरू होते. १९०८ च्या सुमारास लहानग्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून तो ती घेऊन सोसायटीत विचारावयास गेला, आणि त्या दारातून आत शिरला तो जन्माचाच. पण त्यांचे पहिले मोठे निरीक्षण बंदुकीने झाले नाही, बैठकीने झाले. १९३० साली, हाती नोकरी नसताना, ते मुंबई बंदराच्या पलीकडे अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरणींच्या वसाहतीकडे तासन् तास पाहत बसले. नर घरटे अर्धेमुर्धे विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तर राहते. मग नर ते पुरे करून दुसऱ्याच्या मागे लागतो, असे त्यांना आढळले. आपण नाव ठेवले सुगरण, पण विणकाम पुरुषाचे निघाले! एक जागा, एक वही आणि पुष्कळ धीर, एवढ्या भांडवलावर नवे ज्ञान मिळते, हे किहीमने दाखवून दिले. आजच्या प्रत्येक रविवारच्या सहलीचे मूळ तेथे आहे.

पुढचा टप्पा पनवेलजवळचा. वासुदेव बळवंत फडके यांच्या शिरढोण गावापासून जवळच कर्नाळ्याचा किल्ला उभा आहे. त्याच्या पायथ्याचे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून राखले गेले. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी या नात्याने या अभयारण्याच्या विकासाला हातभार लावला, आणि पुढे ‘पक्षीकोश’ लिहून पक्ष्यांना मराठी नावांनिशी मराठी वाचकाच्या घरी पोचविले. नाव कळले की ओळख होते. आज आमच्या सहलीतील मुले शेकाट्या, उचाट्या, थापट्या अशी नावे भराभर घेतात तेव्हा त्या कामाचे मोल उमगते.

ऋतुचक्राप्रमाणे आमच्या सहलींच्या जागाही ठरून गेल्या आहेत. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून तुतवार, चिखल्या, थापट्या बदके आणि दलदल ससाणे येऊ लागतात. तेव्हा पाय खाडीकडे वळतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. आशिया खंडातील ही गणना १९८७ पासून चालू आहे आणि तिचा मोठा भार हौशी माणसेच वाहतात. वैशाखात पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणू लागला की आम्ही कर्नाळ्याची वाट धरतो. पाऊस लागताना नवरंग येतो, आणि वर्षाचे चक्र पुरे होते.

आता शहराकडे वळू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवे नगर आखले गेले. या जमिनीची किंमत शेतकऱ्यांनी कशी मोजली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. १९८४ च्या जानेवारीत योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. ज्यांनी खाडी ओळखली होती त्यांचेच पाय तिच्या काठावरून सुटले.

नगराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली. म्हणून डच लोकांच्या पद्धतीने बांध घालून धारण तलाव खणले गेले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यांत थांबवावयाचे आणि ओहोटी लागली की खाडीत सोडावयाचे, ही त्यांची युक्ती. अभियंत्यांनी पुरासाठी केलेली ही तळी आणि सोडून दिलेली मिठागरे पक्ष्यांनी मात्र अंथरूण म्हणून पसंत केली. १९९० नंतरच्या वर्षांत रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे खाडीत शेवाळ वाढले, आणि धाकटा रोहित तर चोच उलटी बुडवून तेच गाळून खातो. अभ्यासक हे त्याचे एक कारण सांगतात. २०१९ च्या गणनेत ही संख्या लाखावर गेली. २०१५ साली खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटर भाग रोहित अभयारण्य झाला, आणि २०२२ साली ठाण्याच्या खाडीला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. शहराने स्वतःस फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतले, चौकाचौकांत त्यांचे पुतळे बसले.

येथेच कोळीबाबांचे बोट पुन्हा आठवते. अभयारण्याने ताट राखले, अंथरूण मात्र पुष्कळसे बाहेरच राहिले. नेरूळच्या ज्या तळ्याला लोक डीपीएस तळे म्हणतात, त्याच्या भरतीच्या वाटा बुजल्या आणि ते सुकले. २०२४ च्या उन्हाळ्यात या भागात अनेक रोहित मेले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला एक थवा धडकला आणि सुमारे चाळीस पक्षी गेले. आता तर खाडीच्या दक्षिणेला नवा विमानतळ सुरू झाला आहे. भरतीला बसावयास सुरक्षित जागा असणे ही यापुढे पक्ष्यांइतकीच माणसांच्याही जिवाची गोष्ट आहे.

तळ्याच्या बाबतीत मात्र एक समाधानाची गोष्ट घडली. नागरिकांनी छायाचित्रे, तारखा आणि पाण्याची स्थिती सांगून पाठपुरावा केला, आणि २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने ते तळे संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. आमच्यासारख्यांची रविवारची सहल हा रिकामपणचा उद्योग आहे, असे ज्यांना वाटे त्यांना हे उत्तर पुरेसे आहे. तळे भरलेले होते, तेथे पक्षी बसत होते, हे पुढे कोणी नाकारील तेव्हा वहीतील तारीखच साक्षीला उभी राहते.

तेव्हा आमची विनंती लहानशी आहे. पुढच्या रविवारी दुर्बीण नसली तरी चालेल. एक वही घ्या, आधी तिथी पाहा, आणि पूर्ण भरतीच्या वेळी तळ्यावर जा. जागा, तारीख, पाणी किती आणि कोणते पक्षी, एवढे लिहा. आणि जवळपास जाळे सांडणारे कोणी बसले असेल तर त्यांना आधी विचारा. या खाडीच्या इतिहासाची पहिली पाने त्यांच्याजवळ आहेत, आणि ती अजून लिहून व्हावयाची आहेत.