कीचक ते ‘आमचं ठरलंय’: कोल्हापुरी फलकाची कुळकथा

कोल्हापूरच्या चौकातला फलक टोमणा मारतो तो नाव न घेता. वाढदिवसाच्या शुभेच्छांवर एक ओळ अशी टाकायची की ज्याला लागायची त्याला ती बरोबर लागावी, आणि तो तक्रार करायला गेलाच तर फलकावर त्याचे नाव सापडू नये. फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली आणि हे सुरू झाले, असे सर्रास सांगितले जाते. पण छपाईने फलकांची संख्या वाढली. बोलण्याची ही तऱ्हा त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि तिचा माग एका नाटकापर्यंत जातो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. प्रेक्षकांनी मात्र कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत पिचलेला देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. रंगमंचावर कर्झनचे नाव कोणी घेत नव्हते. ते प्रेक्षक घरून घेऊन येत. सरकारने 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेऊन 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. न उच्चारलेल्या नावावर घातलेली ही बंदी होती, आणि ते नाव लोकांना बरोबर कळले होते याची सरकारी कबुलीही.

कोल्हापूरचा धागा इथे जुळतो. बाबुराव मेस्त्री (1890–1954) आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्या कामातूनच ‘पेंटर’ हे नाव त्यांना चिकटले. आनंदराव 1916 मध्ये गेले. पुढे बाबुरावांनी गायिका तानीबाई कागलकरांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 मध्ये पहिला चित्रपट काढला ‘सैरंध्री’, म्हणजे पुन्हा कीचकवधच, आणि तोही खाडिलकरांच्या नाटकावर बेतलेला. भीमाने कीचकाला मारण्याचे दृश्य इतके खरे वाटले की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. कारण भीषणतेचे दिले गेले. दहा वर्षांपूर्वीची बंदी विस्मरणात जाण्याइतकी जुनी नव्हती. अधिकाऱ्यांना नुसते रक्तच खटकले असेल, हे पटणे अवघड आहे.

1918 च्या कायद्याने चित्रपटाला परवाना लागू लागला. थिएटरबाहेर टांगलेल्या चित्राला मात्र तो कायदा लागू नव्हता. बाबुरावांनी हीच मोकळी जागा रंगवली. भारतातले पहिले चित्र-पोस्टर कोणाचे, यावर वाद आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (1913) मान थोरला, पण त्याच्या जाहिराती मुख्यतः मजकुराच्या होत्या. कोणी बाबुरावांच्या ‘वत्सलाहरण’चे (1923) नाव पुढे करते. जपून राहिलेल्यांत सर्वांत जुने म्हणून ‘कल्याण खजिना’चे (1924) पोस्टर दाखवले जाते. हे दोन्ही चित्रपट कोल्हापूरचे, तेव्हा या वादात शहराचे नुकसान काहीच नाही.

फलक रंगवण्याची रीत पडद्याचीच होती: लहान चित्रावर चौकटी आखायच्या, कापडावर त्याच चौकटी मोठ्या करून पाडायच्या, मग एकेका चौकटीतले नाक, डोळा, तलवारीची मूठ उतरवून घ्यायची. चित्रपट उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा चित्रपट यायचा. त्यामुळे मधल्या काळातले फारसे काही उरलेले नाही. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये इथेच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. फलक रंगवणारे हात मात्र शहरात राहिले.

दुसरी उपपत्ती मुंबईची. शिवसेनेच्या शाखांबाहेर खडूने लिहिलेला काळा फळा, तोच तालीम मंडळांच्या दारी आला आणि त्याचाच पुढे फ्लेक्स झाला, असे ती सांगते. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शाखेचा फळा शत्रूचे नाव ठळक लिहितो. कोल्हापुरी फलक ते गाळतो. शिवाय फळ्यावर चित्र नसते. फ्लेक्सवर मधोमध हात जोडलेला नेता आणि खाली शुभेच्छुकांच्या छोट्या छोट्या चेहऱ्यांची रांग ही मांडणी नायक आणि सेना दाखवणाऱ्या सिनेमाच्या फलकाची आहे.

या परंपरेचा सर्वांत गाजलेला नमुना 2019 च्या लोकसभा निवडणुकीतला. काँग्रेस आणि राष्ट्रवादीची आघाडी होती, उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक. काँग्रेसचे सतेज पाटील त्यांच्या विरोधात, पण शिवसेना-भाजप युतीच्या संजय मंडलिकांना उघड पाठिंबा देणे पक्षशिस्तीत बसणारे नव्हते. मग दोनच शब्द झळकले: ‘आमचं ठरलंय’. कोणाचे आणि काय ठरले, हे न विचारता अख्ख्या जिल्ह्याला कळले. मंडलिक निवडून आले. काही महिन्यांत ते दोन शब्द राज्यभर पसरले. मुख्यमंत्रिपदाचे काय, या प्रश्नावर युतीचे नेतेही तेच उत्तर देऊ लागले.

कायद्याने या बोलण्याला दोन टोकांनी धरले आहे. जाहिरात हीदेखील अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेच्या कलम 19(1)(अ)चे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये टाटा प्रेस खटल्यात मान्य केले. 1959 च्या हमदर्द दवाखाना निकालातली भूमिका त्याहून कडक होती. उलट लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 127अ निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव मागते. ज्या मजकुरात उमेदवारच नाही तो निवडणुकीचा मजकूर ठरवायचा कसा, हा खाडिलकरांच्या वेळचाच पेच. जागेच्या बाबतीत मात्र संदिग्धतेला वाव नाही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निर्देश दिले. फलक काय म्हणतो याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. परवानगी होती की नव्हती, एवढेच पाहायचे. घाटकोपरला मे 2024 मध्ये प्रचंड होर्डिंग कोसळून 17 माणसे गेल्यावर सांगाड्याची मजबुती हाही चौकशीचा विषय झाला.