बॉट, वेठ आणि ‘पुणेत पाऊस’

‘बॉट’ म्हणजे ‘रोबॉट’ची उरलेली शेपटी. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या ‘आर.यू.आर.’ नाटकाने हा शब्द जगाला दिला. सुचवला होता त्याच्या भावाने, योसेफने. मुळातला ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडची सक्तीची मजुरी. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: ‘वेठ’, संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला. चॅटबॉटला कितीही गोंडस नाव द्या, वेठबिगारी त्याच्या रक्तातच आहे.

या बॉटच्या प्लगइनना, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमना, मराठी बोलायला लावायचं, या कामाला ‘स्थानिकीकरण’ म्हणतात. शब्द बोजड, पण व्याकरणाने चोख. त्यातला ‘ई’ संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाची खूण. आधी जे तसं नव्हतं, ते तसं करणं. म्हणजे पाहुणा इथला नव्हे, हे शब्दच कबूल करतो. इंग्रजीवाल्यांनी लांबीला कंटाळून ‘लोकलायझेशन’चं ‘एल-१०-एन’ केलं: पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर आणि मधली गाळलेली १०.

पद्धत सोपी आहे. आयआरसी या गप्पांच्या व्यवस्थेवरच्या लिमनोरिया बॉटच्या प्लगइनमध्ये अनुवाद करायच्या वाक्याला कंसात घालून त्याआधी अंडरस्कोर ठेवतात. अशी वाक्यं अवजार वेचून एका फाइलीत ठेवतं. तिथे ‘एमएसजीआयडी’समोर इंग्रजी असतं, खालच्या ‘एमएसजीएसटीआर’समोर आपण मराठी भरायचं.

घोडं अडतं ते वाक्यातल्या रिकाम्या जागेपाशी, जिथे बॉट ऐनवेळी नाव किंवा आकडा भरतो. हवामान सांगणारं प्लगइन घ्या. रिकाम्या जागेपुढे ‘त पाऊस’ लिहून ठेवलं, तर ‘सांगलीत पाऊस’ छान पडतो. पण पुणे आलं की ‘पुणेत पाऊस’! सातारा ‘साताऱ्यात’ होतो, कोल्हापूर ‘कोल्हापुरात’. प्रत्यय लागण्याआधी नाम अंग बदलतं, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि यंत्राला त्याची गंधवार्ता नसते. मग अनुवादक ‘पुणे येथे पाऊस’ लिहून सुटतो. सरकारी पत्रातल्या या ‘येथे’ला आपण हसतो, पण नावाला धक्का न लावता विभक्ती पेलण्याची त्याची ताकद मानावीच लागते. तरी मला ‘पुणे: पाऊस’ अधिक बरं वाटतं, निदान परिपत्रक वाचल्यासारखं वाटत नाही.

गटात नवं कुणी आलं, तर बॉटने ‘किरण आला’ म्हणायचं की ‘किरण आली’? ‘किरण यांचं स्वागत’ म्हणा. लिंगाचा प्रश्न मिटतो, नाव अभंग राहतं आणि वर आदरही दाखवला जातो.

‘अनुवाद’ म्हणजे मुळात मागून बोलणं, सांगितलेलं पुन्हा सांगणं. न्यायसूत्रांनी मात्र तो पुनरुक्तीपासून वेगळा काढला: अनुवादाला प्रयोजन असतं, पुनरुक्तीला नसतं. ‘पुणेत पाऊस’ ही माझ्या मते निव्वळ पुनरुक्ती.

तेव्हा प्लगइन लिहिणाऱ्यांना विनंती: वाक्याचे तुकडे जोडत बसू नका, अख्खं वाक्य अनुवादकाच्या हाती द्या. आणि रिकाम्या जागी गावाचं नाव येणार, माणसाचं की आकडा, हे शेजारी एका ओळीत लिहून ठेवा. अशा टिपेची सोय वर सांगितलेल्या अनुवादाच्या फाइलीत आहेच.