पारपटल किती कोरावे?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. मध्यभागी त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. त्याचा बाक बदलला की चष्म्याचा नंबर बदलतो. पण बाक बदलताना पडद्याची ताकद किती उरते, हा प्रश्न शल्यचिकित्सकांना उशिरा कळला.

जपानमध्ये सातो यांनी 1930 नंतरच्या दशकांत पारपटलाला आतून व बाहेरून चिरा दिल्या. नंबर उतरला, परंतु पडदा स्वच्छ ठेवणारा आतला पेशीथर दुखावल्यामुळे पुढे अनेकांची पारपटले धुरकट झाली. मॉस्कोत फ्योदोरोव यांनी 1970 नंतर फक्त बाहेरून चिरा देण्याची पद्धत रूढ केली.

मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी 1981 मध्ये अमेरिकेत दाखवले, की एक्सायमर लेसरने आजूबाजूचा भाग न भाजता ऊती कोरता येते. 1983 मध्ये ट्रोकेल यांच्यासह त्यांनी हा प्रयोग पारपटलावर केला. ग्रीसमधील पालिकारिस यांनी 1990 च्या सुमारास वरचा पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेसर वापरला. हीच लॅसिक.

येथे वर्गात करता येईल असे गणित येते. 6 मिलिमीटर व्यासाच्या भागात एका नंबरासाठी सुमारे 12 मायक्रॉन कोरावे लागतात. पारपटल 480 मायक्रॉन आणि नंबर उणे 10 असेल, तर 120 मायक्रॉन कोरले जातील. पापुद्र्याचे 110 वजा केले की उरतात 250. पापुद्रा पुन्हा बसवला तरी तो पूर्वीसारखा भार पेलत नाही. 1998 मध्ये जर्मनीतील झायलर यांनी लॅसिकनंतर पारपटल पुढे फुगल्याची उदाहरणे नोंदवली. त्यानंतर 250 मायक्रॉन ही किमान मर्यादा मानली गेली. पुष्कळ डॉक्टर 300 राखतात.

मग पातळ पारपटलाचे काय? पापुद्रा न उचलता पृष्ठभागावरच लेसर वापरला, तर वरच्या उदाहरणात 360 मायक्रॉन उरतात. मात्र बरे व्हायला वेळ लागतो आणि मोठ्या नंबरात धूसरपणाचा धोका असतो. दुसरा मार्ग म्हणजे नैसर्गिक भिंगापुढे कृत्रिम भिंग बसवणे. यात पारपटल कोरावे लागत नाही. पण डोळ्याच्या आत पुरेशी जागा लागते, आणि मोतीबिंदू किंवा डोळ्यातील दाब वाढण्याचा धोका पाहावा लागतो. जाडीबरोबरच पडद्याचा आकारही तपासावा लागतो. तो शंकूसारखा होऊ लागला असेल, तर लेसर टाळणेच शहाणपणाचे.

असे भिंग 1986 मध्ये बसवणाऱ्यांत फ्योदोरोवही होते. पारपटलाला चिरा देण्याची पद्धत रूढ करणाऱ्यानेच त्याला न कोरण्याची वाट शोधली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चष्मा घालवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘नंबर किती उतरेल?’ याआधी ‘पारपटल किती उरेल?’ असे विचारावे.