परत न आलेल्यांच्या वतीने

आपल्या आगमनाच्या शताब्दीचा हिशेब मांडताना आपण विद्यार्थ्यांपासून सुरुवात करतो, आणि ते साहजिक आहे. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये अनेक भारतीय विद्यार्थी आणि क्रांतिकारक आले. मेक्सिकोला जाण्यापूर्वी पांडुरंग खानखोजे इथे होते. त्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे इथे आल्या आणि मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतल्या. ही नावे आपण मुलांना अभिमानाने सांगतो.

पण या मंडळींच्या दहा-बारा वर्षे आधी, बर्लिनपासून दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर शेकडो भारतीय राहत होते. त्यांना इथे यायचे नव्हते. ते युद्धकैदी होते. या स्मरणिकेत त्यांच्यासाठी दोन पाने राखावीत, असे आम्हाला वाटले.

जर्मनीत बरीच वर्षे काढलेल्यांना एक दृश्य ओळखीचे असेल. उन्हाळ्यात पाडरबोर्न, बीलेफेल्ड किंवा ओस्नाब्र्युकसारख्या गावात वयस्कर ब्रिटिश मंडळी येतात. आपली जुनी बराक, जुने दुकान, जुने चर्च शोधतात आणि फाटकासमोर एकत्र फोटो काढतात. १९४५ मध्ये ‘ब्रिटिश आर्मी ऑफ द ऱ्हाइन’ स्थापन झाली तेव्हापासून तीन पिढ्यांचे सैनिक या भागात राहिले. त्यांची लग्ने इथे झाली, मुले इथे जन्मली. म्हणून पलटणीचे जुने सोबती ठरवून एकत्र येतात. त्यांच्या दृष्टीने ही तारुण्याच्या गावाला दिलेली भेट असते.

आपल्याकडेही ही रीत अनोळखी नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात किंवा खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या मेळाव्यात माजी सैनिक जमतात. एकमेकांना जुन्या टोपणनावांनी हाका मारतात आणि गेलेल्यांना सलामी देतात. सैनिक एकटा परत गेला तर त्याला फक्त इमारती दिसतात. सोबती बरोबर असले की तिथले दिवस आठवतात. कोण कुठे झोपायचा, कोणाचे पत्र कधी आले, कोण गेला, हे सांगणारा दुसरा कोणीतरी लागतो.

बर्लिनच्या दक्षिणेचे व्युन्सडॉर्फ हे अशा परतीचेच गाव आहे. पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत फौजेचे मुख्यालय इथे होते. इथून थेट मॉस्कोला रेल्वे जात असे. १९९४ मध्ये रशियन फौज परत गेली. आता तिथे भूमिगत खंदक दाखवतात, जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत, आणि एकेकाळी तिथे राहिलेले रशियन अधिकारी व त्यांची मुले जुनी घरे पाहायला येतात. त्याच गावात ‘मोशेस्ट्रासे’ म्हणजे मशिदीचा रस्ता आहे. तिथे आज मशीद नाही. मग हे नाव आले कुठून?

त्यासाठी १९१४ सालात जावे लागते. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस भारतीय फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. मुंबई आणि कराची बंदरांतून निघालेल्या या जवानांना महिनाभरात उत्तर फ्रान्सच्या चिखलात उभे केले गेले. २८ ऑक्टोबरला न्यव्ह शापेल गावावर हल्ला झाला. त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. खरे तर खंदक खणणे, पूल बांधणे हे सॅपर्सचे काम. त्या दिवशी त्यांना संगिनी घेऊन गल्लीबोळांत लढावे लागले. त्या कंपन्यांची अपरिमित हानी झाली. त्या वर्षीच्या आणि पुढच्या लढायांत जे भारतीय जर्मनांच्या हाती लागले, त्यांतल्या अनेकांना पुढे व्युन्सडॉर्फला आणले गेले.

या छावणीचे नाव ‘हाल्बमोंडलागर’, म्हणजे अर्धचंद्र छावणी. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांतले मुसलमान कैदी येथे ठेवले होते. भारतीयांमधले हिंदू आणि शीखही होते. १९१५ मध्ये जर्मनांनी तिथे लाकडी मशीद बांधली. प्रार्थनेसाठी उभारलेली ती जर्मनीतली पहिली मशीद. रस्त्याचे नाव तिच्यावरून पडले. ही सवलत निव्वळ दयाबुद्धीने दिलेली नव्हती. कैद्यांनी इंग्रजांविरुद्ध उठावे, असा जर्मन सरकारचा डाव होता. त्यांच्यासाठी ‘हिंदोस्तान’ नावाचे वर्तमानपत्र हिंदी आणि उर्दूत काढले जाई. बर्लिनमधले भारतीय क्रांतिकारक त्यांना भेटायला येत. शिवाय अभ्यासक येत. कोणी डोक्यांची मापे घेई, कोणी आवाज तबकडीवर नोंदवी. ते आवाज आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. ११ डिसेंबर १९१६ रोजी फिरोजपूर जिल्ह्यातल्या मल्लसिंग नावाच्या शिपायाने कर्ण्यापुढे उभे राहून आपली कथा एखाद्या परक्याची असावी तशी सांगितली. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात होता, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला घरी जायचे आहे, असा तिचा आशय. एवढ्यात त्याने सगळे सांगितले.

अनेकांच्या नशिबी घरी जाणे नव्हते. थंडी आणि क्षय यांनी माणसे गेली. १९१७ मध्ये बऱ्याच भारतीयांना रुमानियात हलवले. मागे राहिले ते झेरेन्सडॉर्फच्या कबरस्तानात. व्युन्सडॉर्फजवळ रानात असलेल्या या स्मशानभूमीत २०६ भारतीयांची नोंद आहे.

आता कोणी विचारेल, यात मराठी किती? छावणीतले बहुतेक भारतीय पंजाब, गढवाल, सरहद्द प्रांत आणि नेपाळकडचे होते. साताऱ्या-रत्नागिरीच्या मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा पडले. तिथे शरण जाव्या लागलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले आणि अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. ती रेल्वे बांधत होती जर्मन कंपनी. म्हणजे आपल्या मुलखातले जवान आणि जर्मनी यांची गाठ पडली, ती अशी. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत त्या काळची संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढेच तिच्यावर असते. त्यावर आकडा आहे, नाव नाही.

झेरेन्सडॉर्फच्या दगडांवर नावे आहेत. म्हणून आम्हाला त्यांचे महत्त्व वाटते. पण ही नावेही जवळजवळ हरवली होती. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यव्ह शापेलला भारतीय स्मारकाचे उद्‌घाटन झाले, तेव्हा भारतीय सैनिकांची तुकडी मुद्दाम आणली होती. मार्शल फॉश हजर होते. फ्रान्समधल्या त्या रणभूमीवर भारतीय फौज पुन्हा एकत्र उभी राहिली. झेरेन्सडॉर्फच्या वाट्याला तसे काही आले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सोव्हिएत फौजेच्या सरावक्षेत्रात गेले. कबरींची देखभाल अशक्य झाली, तेव्हा १९६४ मध्ये त्या मृतांची नावे कांस्यफलकावर कोरून न्यव्ह शापेलच्या स्मारकात लावली. माणसे जर्मनीत आणि नावे फ्रान्समध्ये, अशी तीस वर्षे गेली. रशियन फौज परतल्यावर काम पुन्हा सुरू झाले आणि २००५ पर्यंत कबरस्तान नव्याने उभे राहिले. तोवर त्या छावणीत राहिलेला, तिथल्या सोबत्याचे नाव ओळखून दगडापुढे थांबेल असा कोणीही हयात नव्हता.

आमच्या रविवारच्या मराठी वर्गातल्या एका मुलीने हे ऐकून विचारले, “बाई, ते इंग्रजांसाठी लढले, मग आपण का जायचं?” प्रश्न योग्य आहे. ते साम्राज्याच्या पगारावर लढले, हे आम्ही मुलांपासून लपवत नाही. पुढच्या महायुद्धात जर्मनीतल्या भारतीय कैद्यांतूनच नेताजींच्या पुढाकाराने ‘फ्री इंडिया लीजन’ उभी राहिली, हेही सांगतो. काही कैदी तिकडे गेले, काही गेले नाहीत. दोघांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत होते. ओळखीसाठी निवाडा आधी करावा लागत नाही, एवढे आम्ही त्या मुलीला सांगितले.

इतर देशांचे सैनिक जर्मनीत एकत्र परत येतात, कारण ते जिवंत परतले होते आणि येण्याचे भाडे त्यांच्याकडे होते. झेरेन्सडॉर्फच्या लोकांच्या वतीने यायचे तर आपणच यायचे, कारण आता इथे राहतो ते आपण. शताब्दीच्या वर्षात मंडळाने एक दिवस ठरवावा. बर्लिनहून रेल्वेने व्युन्सडॉर्फला जावे, मुलांनी एकेक नाव मोठ्याने वाचावे. पंजाबी, नेपाळी, पश्तो नावे उच्चारताना त्यांची जीभ अडखळेल, अडखळू द्यावी. आणि घरी आजोबा-पणजोबांची पलटणीची कागदपत्रे, पदके, निवृत्तिवेतनाचे पुस्तक पडून असेल तर ते या वर्षी बाहेर काढून त्यांचे नाव लिहून ठेवावे. गावच्या पाटीवरचा एक आकडा तरी त्याने कमी होईल, आणि त्या जागी माणूस येईल.