आई आधी की बाप? एका शब्दावरच्या दोन टीका

वकिलाच्या टेबलावर ते जाडजूड पुस्तक पाहिलंय ना? वर कायद्याचं कलम, खाली बारीक अक्षरात त्यावरचे निवाडे. ही मांडणी इंग्रजांनी आणली असं वाटतं, पण आपल्याकडे ती फार जुनी आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत वारसांच्या क्रमात ‘पितरौ’ असा शब्द येतो. विभक्त माणसामागे मुलगा, नातू, बायको, मुलगी, मुलीचा मुलगा यांपैकी कुणीच नसलं, तर जमीन आई-बापांकडे. पण आधी कुणाकडे? मूळ वचन गप्प! चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वरानं मिताक्षरेत लिहिलं, आई आधी. सतराव्या शतकात काशीच्या नीळकंठ भट्टांनी (घराणं मूळचं आपल्या पैठणचं, बरं का) व्यवहारमयूखात लिहिलं, बाप आधी.

पंडितांचा वाद म्हणून सोडून देता आलं असतं. पण 1868 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की ज्या मुलखात जी टीका मान्य, तिच्यावर चाला. झालं! गुजरात आणि मुंबई बेटावर मयूख वरचढ, साताऱ्याकडे मिताक्षरा. मुंबईच्या घरात बापाला मिळणारी जमीन साताऱ्याच्या घरात आईच्या नावावर.

मग एवढ्या पोथ्या शोधायच्या कुठं? वाईच्या प्राज्ञपाठशाळेनं ते काम अंगावर घेतलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी संपादलेल्या धर्मकोशाच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग 1937 मध्ये निघाला. विषयवार वचनं, सोबत टीकाकारांची मतं. वाईत छापलेलं सटीप कायद्याचं पुस्तकच म्हणा ना!

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आईला पहिल्या वर्गात ठेवलं, बापाला दुसऱ्या. विज्ञानेश्वर जिंकले म्हणायचे.

पण टीप शिळी होते, हे विसरू नका. समजा, सांगलीकडची एक लेक, लग्न 1990 मधलं, वडील 2003 मध्ये वारलेले, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी झालेलीच नाही. 2016 चं पुस्तक उघडलं तर 2015 च्या निवाड्याची टीप सांगेल, 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात हवे होते, हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात ते मत उलटवलं. कलम तेच, पुस्तक जुनं म्हणून बाईची जमीन गेली असती. तेव्हा आधी आवृत्तीचं साल बघा, मग टीप, मग मूळ निवाडा काढून वाचा.

आणि सांगलीकडचे जुने निवाडे शोधताना ‘दक्षिण सातारा’ही घालून बघा. 1949 पासून 1960 पर्यंत जिल्ह्याचं नाव तेच होतं.