वेल्श नावे आणि इंग्रजी कान
मध्ययुगीन वेल्समध्ये सर्रास आडनाव नसे; स्वतःच्या नावापुढे ‘अप’, म्हणजे मुलगा, आणि मग बापाचे नाव. 1536 च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडले गेले, न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली आणि हळूहळू ‘अप हवेल’चे पॉवेल, ‘अप ऱ्हीस’चे प्राइस झाले. लुवेलिन या नावाची गत आणखी बिकट. त्याचा पहिला ध्वनी जीभ ‘ल’च्या जागी टेकवून कडेने नुसती हवा सोडल्यावर निघतो, इंग्रजी कानाला तो ‘फ्ल’ वाटे, यात कानाचा फारसा दोष नाही. शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’मधला वेल्श कप्तान म्हणूनच फ्लुएलेन. एकोणिसाव्या शतकात शार्लट गेस्ट यांनी ‘मॅबिनोगियन’ या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहातल्या कथा इंग्रजीत आणल्या आणि त्यांतली ऑल्वेनसारखी जुनी नावे पाळण्यात परतली. इंग्लंडमध्ये मात्र ऱ्हीसचे स्पेलिंग आजही उच्चाराप्रमाणे बदलून लिहिलेले आढळते.