न दिलेले व्याख्यान आणि कोसळलेले सरकार

१/ ६ सप्टेंबर १८३९. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरावर आसपासच्या खेड्यांतील हजारो लोक चालून आले. हातांत काठ्या, कोयते, काहींकडे बंदुका, ओठांवर भक्तिगीते. त्या दिवशी तेथील उदारमतवादी सरकार कोसळले. या उद्रेकाला निमित्त ठरलेल्या प्राध्यापकाने मात्र झुरिकच्या विद्यापीठात एकही व्याख्यान दिलेले नव्हते.

२/ त्याचे नाव डेव्हिड फ्रीडरिश स्ट्राउस. जन्म १८०८, जर्मनीतील वुर्टेंबर्ग राज्यातील लुडविग्सबुर्ग येथे. प्रोटेस्टंट पाळक घडवणाऱ्या शाळेत आणि पुढे ट्युबिंगेन येथे त्याचे शिक्षण झाले. आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासाचा थोर अभ्यासक फेर्डिनांट बाउर हा त्याचा गुरू.

३/ १८३१ मध्ये तत्त्वज्ञ हेगेलची व्याख्याने ऐकण्यासाठी तो बर्लिनला गेला. तो पोहोचल्यानंतर काही दिवसांतच हेगेलचे निधन झाले. तरीही स्ट्राउस काही महिने तेथे राहिला आणि एक प्रश्न मनाशी घेऊन परतला: चार शुभवर्तमानांतील येशूचे चरित्र इतिहासकाराने कसे वाचावे?

४/ त्या काळी याची दोन उत्तरे प्रचलित होती. परंपरावादी म्हणत, चमत्कार जसे लिहिले आहेत तसेच घडले. बुद्धिवादी म्हणत, घटना घडल्या, पण त्यांची कारणे नैसर्गिक होती. बुद्धिवाद्यांचा अग्रणी हाइनरिश पाउलुस याच्या मते येशू पाण्यावरून चाललाच नाही; तो किनाऱ्यावरून चालत होता आणि अंधुक प्रकाशात शिष्यांची दृष्टी फसली.

५/ पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजार लोक तृप्त झाल्याची कथा घ्या. बुद्धिवाद्यांचा खुलासा असा: येशूने आपल्याजवळचे अन्न वाटायला घेतले, ते पाहून इतरांनीही आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि सर्वांना पुरले. चमत्कार नाहीसा झाला, घटना मात्र शिल्लक राहिली.

६/ स्ट्राउसने दोन्ही पक्षांचे समान गृहीतकच नाकारले. प्रत्येक कथेमागे डोळ्यांनी पाहिलेली घटना असलीच पाहिजे, असे कशावरून? जुन्या करारात मोशेच्या काळी रानात मान्ना मिळतो; अलीशा संदेष्टा वीस भाकरींवर शंभर माणसांना जेवू घालतो. मसीहा या सर्वांहून श्रेष्ठ असणार, ही श्रद्धाच नव्या कथेला आकार देते.

७/ अशा कथेला त्याने ‘मिथक’ म्हटले. मिथक म्हणजे कोणी जाणूनबुजून रचलेले असत्य नव्हे. एखाद्या समाजाच्या श्रद्धेने, नकळत आणि सामूहिकरीत्या, कथेच्या रूपात व्यक्त होणे म्हणजे मिथक. येशू होऊन गेला, हे स्ट्राउसने कधीही नाकारले नाही.

८/ १८३५ मध्ये ‘येशूचे जीवन: एक चिकित्सा’ या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. लेखकाचे वय २७. ग्रंथ जर्मनीभर गाजला आणि स्ट्राउसची ट्युबिंगेनमधील शिक्षकाची जागा त्याच वर्षी गेली. गुरू बाउरनेही जाहीरपणे शिष्यापासून अंतर राखले.

९/ पुढच्या काही वर्षांत स्ट्राउसने थोडी माघार घेतली. ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत टीकाकारांना सवलती दिल्या. योहानाच्या शुभवर्तमानाविषयीचा आपला निकाल सौम्य केला. आणि १८३९ च्या आरंभी झुरिक विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले.

१०/ झुरिकचे सरकार १८३० नंतरच्या सुधारणांतून आलेले होते. विद्यापीठ १८३३ चे, त्याच सुधारणांचे अपत्य. पण नव्या शाळापद्धतीवर खेडी नाराज होती, आणि यंत्रमागांमुळे हातमाग विणकरांचे पोट धोक्यात आले होते. त्यात सरकारने ‘येशूला मिथक ठरवणारा’ माणूस भावी पाळकांना शिकवायला आणला, अशी हाकाटी झाली.

११/ गावोगावी श्रद्धारक्षक समित्या उभ्या राहिल्या. नेमणुकीविरुद्ध सुमारे ३९ हजार मते पडली. बाजूने जेमतेम एक हजार. सरकार नमले. रुजू होण्यापूर्वीच स्ट्राउसला निवृत्तिवेतन देऊन मोकळे केले गेले. तरी अविश्वास शमला नाही.

१२/ सप्टेंबरमध्ये फ्यॅफिकॉन गावात धोक्याची घंटा वाजली आणि तेथील पाळकाच्या नेतृत्वाखाली जमाव निघाला. शहरातील चकमकीत डझनाहून अधिक माणसे मेली. गोळीबार थांबवण्याचा आदेश घेऊन बाहेर आलेला मंत्री हेगेट्श्वायलर हाही गोळी लागून पडला आणि पुढे दगावला. ‘पुट्श’ हा स्विस बोलीतला शब्द जर्मन भाषेत रुळला तो प्रामुख्याने याच घटनेमुळे.

१३/ १८४० च्या चौथ्या आवृत्तीत स्ट्राउसने दिलेल्या सवलती परत घेतल्या. तडजोडीने पद मिळाले नव्हते; निदान ग्रंथ तरी त्याचा स्वतःचा राहिला. याच आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर १८४६ मध्ये अनुवादकाच्या नावाविना निघाले. ते करणारी तरुणी मेरी अ‍ॅन एव्हान्स पुढे कादंबरीकार जॉर्ज एलियट म्हणून जगाला माहीत झाली.

१४/ विद्यापीठाचे दार स्ट्राउससाठी पुन्हा उघडले नाही. त्याने चरित्रे लिहिली, राजकारणात अल्पकाळ वावरला, १८६४ मध्ये जर्मन जनतेसाठी येशूचे नवे चरित्र लिहिले. १८७२ च्या अखेरच्या पुस्तकात त्याने ख्रिस्ती श्रद्धेचाच निरोप घेतला. त्यावर सर्वांत बोचरी टीका केली ती तरुण नीत्शेने, १८७३ मध्ये. पुढच्याच वर्षी स्ट्राउस वारला.

१५/ त्याच्या पद्धतीतील उणीव बाउरने नेमकी दाखवली: स्ट्राउसने कथांची चिकित्सा केली, पण त्या सांगणाऱ्या ग्रंथांची नाही. कोणते शुभवर्तमान आधी, कोणी कोणाचा आधार घेतला, हे ठरवल्याशिवाय इतिहास उभा राहत नाही. पुढच्या पिढ्यांनी ते काम हाती घेतले.

१६/ तरीही ‘हे घडले का?’ यासोबत ‘ही कथा कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अपेक्षेने सांगितली?’ हे विचारणे त्याच्यानंतर अटळ झाले. आज जगभरच्या धर्मशास्त्र विभागांत, भावी पाळकांच्या वर्गांतही, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या अभ्यासात येतो. तो विचारल्याबद्दल स्ट्राउसने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जी नोकरी गमावली, तिच्या तोलाचे पद त्याला आयुष्यभर मिळाले नाही.